आधी दोन रात्री शेजारी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर तंत्रनिकेतनाच्या प्रकल्प प्रदर्शनाचा फोटो होता. डोक्यावर टोपी, टोपीला सेन्सर, आणि मान ज्या बाजूला कलेल त्या बाजूला वळणारी चाकाची खुर्ची. मुलांनी चांगलं काम केलं आहे, त्यांचं मनापासून कौतुक. पण खुर्चीत बसलेला मुलगा धडधाकट होता, आणि जिच्यासाठी ही खुर्ची केली अशा एकाही व्यक्तीचा बातमीत उल्लेख नव्हता. तो फोटो मी दोन दिवस टेबलावर ठेवला होता. मग लिहायला बसले.

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षं शिल्प निदेशिका, म्हणजे ट्रेड शिकवणारी शिक्षिका, होते. ट्रेड आधी रेडिओ-टीव्ही मेकॅनिक, नंतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. २०२० साली निवृत्त झाले आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी राहायला आले. डोक्यावर बसवायचा असाच एक कल ओळखणारा सेन्सर मीही केला आहे. माझ्या धाकट्या भावासाठी. त्याला घरात सगळे बाळ म्हणतात, मीही इथे तेच नाव वापरते.

एप्रिल २०१९ मध्ये हापूसची काढणी चालू असताना बाळ घरामागच्या कलमावरून पडला. झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, हातात होता, फांदी पायाखाली. उंची जेमतेम पंधरा फूट. मानेचा मणका मोडला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण मज्जारज्जूला मानेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी इजा झाली होती. खांदे उडवता येतात, त्याखालचं काहीही हलत नाही.

मान मात्र हलते. हे कसं, हे मला तेव्हा कळत नव्हतं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. मान वळवणाऱ्या मोठ्या स्नायूंची मुख्य नस थेट कवटीतून खाली येते, मज्जारज्जूच्या मोडलेल्या भागातून तिला जावं लागत नाही. शिवाय मान वळवण्याचा निम्मा वाटा सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधल्या सांध्याचा असतो. बाळच्या शस्त्रक्रियेतली पट्टी आणि स्क्रू त्याच्या बरेच खाली आहेत. म्हणून ‘नाही’ म्हणताना हलते तशी त्याची मान दोन्हीकडे छान वळते, ‘हो’ म्हणताना हलते तशी थोडीच, आणि कान खांद्याकडे नेणं जवळजवळ नाहीच. ही तीन वाक्यं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवी होती. मी लिहिली नाहीत, आणि त्यापायी सहा महिने घालवले.

आवाजाचंही सांगायला हवं. श्वासपटल काम करतं, पण बरगड्यांमधले स्नायू आणि पोट साथ देत नाहीत. त्यामुळे बाळला मोठ्याने हाक मारता येत नाही, नीट खोकताही येत नाही. शेजारच्या खोलीत भांडं पडलं तर त्याचा आवाज हरवतो. माझी भावजय त्याच्या पलंगाशेजारी खाली अंथरूण घालून झोपायची. झोपायची म्हणजे डोळे मिटून पडायची. जिभेने ‘टक्’ केलं की उठायचं, हा त्यांचा संकेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडीला जखमा होतात, त्यासाठी गजर लावलेला. मधल्या वेळात ते ‘टक्’ ऐकू येईल की नाही या धास्तीने ती माउली रात्रभर अर्धी जागी.

ऑगस्टमधल्या एका रात्री तिला झोप लागून गेली. लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. बाळचं डोकं फुटायला आलं, चेहरा लालबुंद, घामाने उशी भिजलेली. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झालेल्या माणसाचं असं होतं: खाली काही तुंबलं, चिमटलं की त्याला ते जाणवत नाही, पण रक्तदाब एकदम चढतो, आणि वेळेत कारण दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आई पाण्याला उठली म्हणून कळलं. नळी सरळ केल्यावर थोड्या वेळात सगळं उतरलं. मी दुसऱ्या दिवशी आले, आणि ठरवलं की या घरात घंटा हवी. हात न लावता वाजणारी घंटा.

पहिली घंटा मी दिवाळीच्या सुट्टीत केली. बाजारात एक छोटा टिल्ट स्विच मिळतो, दोन पायांची बारीक डबी, आत धातूचे दोन छर्रे. डबी कलली की छर्रे सरकतात आणि संपर्क जुळतो किंवा तुटतो. पूर्वी हेच काम पाऱ्याचा स्विच करायचा. काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब. असे माझ्या कपाटात दोन-तीन होते, आणि संपर्क इतका स्वच्छ की मोह झाला होता. पण पलंगावर, उशीजवळ, हलू न शकणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काच आणि पारा कधीही नाही. कुणी विद्यार्थी हे वाचत असेल तर त्याने हे वाक्य पक्कं लक्षात ठेवावं.

छर्ऱ्यांचा स्विच मुलीच्या हेअरबँडला शिवला, दहा किलोओहमचा रोधक, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बझर आणि सेल. अर्ध्या दिवसाचं काम. दिवाळीच्या रात्री सगळ्यांसमोर बाळने मान वळवली, बझर वाजला, आईने डोळे पुसले. मी समाधानाने परत गेले.

आठ दिवसांनी फोन केला तर बाळ म्हणाला, “ह्या वाजता तेव्हा मी निजलेलो असतंय, आणि माका व्हया तेव्हा ह्या गप.” खोकला आला की छर्रे उडत आणि बझर वाजे. झोपेत मान एका बाजूला पडली की सकाळपर्यंत वाजत राही. शेवटी भावजयीने सेलच काढून ठेवले होते. मी लगेच सुधारणा सांगायला लागले, स्विच असा फिरवू, तिथे कपॅसिटर टाकू. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “गो ताई, तू आदी माझ्या वांगडा दोन रात्री काढ, मगे काय ता बनव.”

एकतीस वर्षं मी मुलांना सर्किट शिकवलं. हे वाक्य मला माझ्या भावाने शिकवलं, त्याच्या पलंगावरून.

मी नाताळात रजा घेऊन गेले आणि खरोखर दोन रात्री खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसले. हातात वही आणि घड्याळ. मान कधी वळते, किती वळते, किती वेळ तशीच राहते, खोकल्यात काय होतं, जांभईत काय होतं. पहिल्या रात्री झोपेत त्याची मान अकरा वेळा वळली, आणि वळली की बराच वेळ तिथेच राहिली. एकदाही असं झालं नाही की डावीकडे गेली, परत मध्ये आली आणि लगेच पुन्हा डावीकडे गेली. दुसऱ्या रात्रीही नाही. म्हणजे खूण सापडली: चार सेकंदांत दोनदा डावीकडे. जागेपणी बाळला ते सहज जमतं, आणि झोपेत ते होत नाही. दुसरी गोष्ट दिसली ती अशी की कूस बदलली की सगळंच बदलतं. पाठीवर असताना जी ‘सरळ’ मान, ती कुशीवर असताना नव्वद अंशांनी वेगळी. छर्ऱ्यांच्या स्विचला हे कळणं शक्यच नव्हतं, त्याचा कोन एकच, कारखान्यात ठरलेला.

मग एमपीयू ६०५० हा सेन्सर घेतला. नखाएवढी चिप, तिच्या पट्टीसकट साधारण दीडशे रुपयांना मिळाली. हिच्यात तीन अक्षांवरचा त्वरणमापक आहे आणि तीन अक्षांवरचा जायरोस्कोप. त्वरणमापक म्हणजे काय ते मी शाळेतल्या मुलींना गवंड्याच्या ओळंब्यावरून सांगते. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर लटकलेला असतो. चिप कलली की गुरुत्वाकर्षणामुळे तो किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधली धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि त्याचा आकडा होतो. पूर्ण गुरुत्वाकर्षण एका अक्षावर आलं की आकडा १६३८४. तीस अंश कललं की त्याच्या निम्मा, म्हणजे ८१९२, कारण तीस अंशांची ज्या (साइन) अर्धी असते. दहा अंशांनाही २८०० च्या वर आकडा मिळतो. बाळच्या मानेसाठी एवढी बारकाई पुष्कळ झाली.

एका अक्षाच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. नव्वद अंशांजवळ तो जवळपास बदलतच नाही, म्हणून कुशीवर झोपलेल्या माणसाची मान वळली तरी सेन्सर थंड. दोन अक्षांचे आकडे घेऊन त्यांच्या गुणोत्तरावरून कोन काढला की ही अडचण जाते. अकरावीतलं त्रिकोणमितीचं सूत्र, प्रोग्रॅममध्ये एक ओळ. आणि ‘सरळ’ म्हणजे काय हे मी प्रोग्रॅमलाच सतत शिकायला लावलं: गेल्या एक मिनिटाचा सरासरी कोन तोच शून्य. भावजयीने कूस बदलली की मिनिटाभरात सेन्सर नवी स्थिती स्वीकारतो. त्या शून्यापासून वीस अंश डावीकडे, परत मध्ये, पुन्हा वीस अंश डावीकडे, सगळं चार सेकंदांत. एवढं झालं तरच घंटा. बाकी खोका, जांभई द्या, झोपेत वळा, ती गप्प.

हे सगळं चालवायला अर्डुइनो नॅनो नावाचं छोटं बोर्ड आहे, मला तेव्हा तीनशे रुपयांच्या आत मिळालेलं. अर्डुइनो २००५ च्या सुमारास इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झालं, आज आपल्याकडे कुठल्याही तंत्रनिकेतनाच्या कपाटात धूळ खात पडलेलं सापडेल. बॅटरी आणि घंटा सोडून माझा सगळा खर्च नऊशे रुपयांच्या आत झाला. पावत्या ठेवल्या आहेत.

मार्च २०२० मध्ये ते पलंगाला लावलं आणि आठवडाभरात टाळेबंदी आली. मी तिथेच अडकले, आणि ते फार बरं झालं, कारण पुढच्या चुका मला समोर बसून बघता आल्या. पहिली चूक तारेची. सेन्सर कपाळावर आणि नॅनो पलंगाच्या पायथ्याशी डब्यात, मधे दोन मीटर तार. हा सेन्सर ज्या पद्धतीने बोलतो ती पद्धत एकाच पट्टीवरच्या चिपांसाठी आहे, लांब तारेची धारिता तिला सोसत नाही. दिवसातून दोन-तीनदा सगळं गोठायचं. नॅनो उशीच्या बाजूला आणला, तार वीतभर केली, गोठणं थांबलं. तरीही आतला वॉचडॉग चालू केला, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. आमचं घर कौलारू, पावसाळ्यात उंदीर. जुलैत एका रात्री उंदराने पलंगापासून माजघरातल्या घंटेपर्यंत जाणारी तार कुरतडली. घंटा मुकी झाली आणि कुणाला कळलंच नाही, कारण न वाजणारी घंटा आणि मेलेली घंटा दिसायला सारखीच. सकाळी बाळने सांगितलं की पहाटे त्याने सहा-सात वेळा मान हलवली होती. तोवर भावजय घंटेवर विश्वास ठेवून पहिल्यांदा आतल्या खोलीत झोपायला लागली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. विश्वास ठेवायला लावणारं आणि न सांगता बंद पडणारं यंत्र हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट. हे मी वर्गात शंभर वेळा सांगितलं असेल, आणि घरी विसरले.

उलटं जोडलं. आता घंटेच्या डब्यात रिले आहे, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच. सगळं ठीक असतं तोवर पलंगाकडून येणारा प्रवाह त्याला ओढून धरतो, आणि रिले ओढलेला असताना घंटा बंद. बाळने खूण केली की नॅनो प्रवाह सोडतो, रिले पडतो, घंटा वाजते. तार तुटली, बॅटरी संपली, नॅनो मेला, तरीही रिले पडतो आणि घंटा वाजते. घंटेला तिचे वेगळे सेल. रिलेच्या वेटोळ्यावर १एन ४००७ डायोड उलटा लावायला विसरू नये, नाहीतर वेटोळं सोडताना उठणारा झटका ट्रान्झिस्टर मारतो. त्या पावसाळ्यात उंदराने आणखी एकदा तार तोडली. रात्री अडीच वाजता घंटा खणखणली, आम्ही तिघी धावत गेलो, आणि बाळ शांत झोपला होता. आम्हाला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही.

वीज हा कोकणात वेगळा विषय. मी आधी मोबाइलची पॉवर बँक लावली होती. ती फार कमी प्रवाह घेतला की मोबाइल भरला असं समजून स्वतःच बंद होते. हा माझा अनुभव इतरांना उपयोगी पडावा, कारण यावर एका मुलाचे दोन आठवडे गेलेले मी नंतर पाहिले. शेवटी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली, यूपीएसमध्ये असते ती. एकूण खप सत्तर मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे बॅटरी भरलेली असेल तर चार दिवस. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या वाडीत तीन रात्री वीज नव्हती. माड पडले, दोन कौलं बाळच्या खोलीतली उडाली. घंटा तीनही रात्री चालू होती. दुसऱ्या रात्री बाळने ती वाजवली, अंगावर पाणी गळत होतं म्हणून.

डोक्यावरच्या पट्ट्याबद्दल थोडं लिहिते, कारण यावर कुणी बोलत नाही. माझा पहिला पट्टा डोक्यामागे बकलाने बंद होत होता. डोक्याचा मागचा भाग सतत उशीवर, आणि बाळ स्वतः डोकं उचलून हलवू शकत नाही. चार दिवसांत तिथे लाल चट्टा. जखम झाली असती तर महिने गेले असते. आता मागच्या बाजूला फक्त मऊ सुती पट्टी, सांधा कानाच्या वर वेल्क्रोने, सेन्सर कपाळाच्या डाव्या कोपऱ्यात औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या डबीत. घामाने आणि खाऱ्या हवेने झाल, म्हणजे सोल्डरचा जोड, हिरवी पडते, म्हणून सगळ्या झाली नेलपॉलिशने झाकल्या आहेत. पट्टे दोन, एक धुवायला आणि एक डोक्यावर. ते भावजयीने शिवले, आणि या सगळ्या कामात सर्वांत नेमकं काम तिचंच आहे.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर बाळ रोज दोन-तीन तास खुर्चीत बसायला लागला. मी तोच पट्टा त्याला खुर्चीत लावला आणि म्हटलं, हलव मान. काही नाही. पुन्हा हलव. काही नाही. तारा तपासल्या, बोर्ड बदललं, अर्धा दिवस गेला. मग डोक्यात प्रकाश पडला. ओळंबा स्वतःभोवती कितीही फिरवा, दोरी सरळच राहते. आडवं पडलेल्या माणसाने मान वळवली की कपाळ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत कलतं. ताठ बसलेल्या माणसाने तीच मान वळवली तर कपाळ फक्त गोल फिरतं, कल शून्य. बाळला जी हालचाल उत्तम येते नेमकी तीच बसल्यावर त्वरणमापकाला दिसत नाही, आणि त्याला जी दिसते ती कान खांद्याकडे नेण्याची हालचाल बाळला येत नाही. प्रदर्शनातल्या टोपीत मुलाने मान कशी कलवली असेल ते आठवा. कान खांद्याकडे. मणक्यात पट्टी बसवलेल्या माणसाला बहुधा सर्वांत अवघड जाणारी हालचाल.

तिथे त्याच चिपमधला जायरोस्कोप उपयोगी पडला. तो फिरण्याचा वेग सांगतो, गुरुत्वाकर्षणाशी त्याला देणंघेणं नाही. वेगावरून कोन काढायला गेलं तर चूक साठत जाते आणि काही मिनिटांत शून्य कुठल्या कुठे सरकतं. पण संगणकाच्या बाणाला कोन लागतच नाही, त्याला वेगच हवा असतो. मान जेवढ्या वेगाने वळेल तेवढ्या वेगाने बाण सरकू दे, बस्स. नॅनोऐवजी प्रो मायक्रो बोर्ड घेतलं, ते यूएसबीत लावलं की संगणक त्याला माउस समजतो. सुरू करताना दोन सेकंद मान स्थिर ठेवायची, तेवढ्यात तो स्वतःची चूक मोजून वजा करतो. दुपारी चिप तापली की बाण हळूहळू एका कडेला सरकायला लागतो, मग पुन्हा दोन सेकंद. बाण एका जागी सव्वा सेकंद थांबला की क्लिक. २०२२ च्या हंगामापासून आमच्या बागेच्या पेट्यांचा हिशोब, कुठल्या दलालाकडे किती गेल्या, किती पैसे यायचे आहेत, हे सगळं बाळ ठेवतो. पहिल्याच वर्षी त्याने एका जुन्या थकबाकीची नोंद शोधून काढली, जी मी आणि आई दोघीही विसरलो होतो.

आता खुर्चीबद्दल. बाळला आणि मला दोघांनाही डोक्याने चालणारी खुर्ची सुचली होती, सगळ्यांनाच आधी तीच सुचते. आम्ही ती का केली नाही ते मुलांनी समजून घ्यावं अशी माझी इच्छा आहे. सभागृहाची फरशी सपाट असते. आमच्या अंगणातून रस्त्यावर जायला जांभ्याची उतरण आहे. खुर्ची उतरणीवर पुढे झुकली की डोकंही तिच्यासोबत झुकतं, आणि सेन्सर समजतो की माणूस पुढे जा म्हणतोय. खुर्ची आणखी वेगाने पुढे जाते. यावर उपाय आहे: दुसरा तसाच सेन्सर खुर्चीच्या सांगाड्यावर लावायचा आणि दोघांतला फरक तेवढाच मोजायचा. दुसरा धोका दगडावर चाक आपटण्याचा. खुर्ची दचकली की ज्याच्या पोटात आणि पाठीत जोर नाही त्याची मान पुढे फेकली जाते, सेन्सर ती आज्ञा समजतो, खुर्ची पुन्हा दचकते. शिवाय थांबा ही आज्ञा मानेवर सोडायची नाही, ती वेगळ्या मार्गाने हवी, गालाजवळच्या स्विचने किंवा फुंकरीने, आणि शेजारी चालणाऱ्याच्या हातातही. धडधाकट मुलाला बसवून हे तिन्ही धोके कधीच दिसणार नाहीत, कारण तो नकळत पाठीने स्वतःला सावरतो.

प्रकल्प वाईट होता असं मला म्हणायचं नाही. तो चुकीच्या माणसावर तपासला गेला, एवढंच. आणि त्यात मुलांचा दोष नाही. मी स्वतः एकतीस वर्षं प्रकल्प तपासले. तोंडी परीक्षा झाली की त्याच दुपारी बोर्ड सुटतात. सेन्सर खोक्यात, मोटर पुढच्या बॅचला, अहवाल कपाटात. चालणारी, मुलांनी रात्र रात्र जागून केलेली यंत्रं मी माझ्या हाताने डिसोल्डर करायला लावली आहेत, कारण साहित्याच्या नोंदवहीत भाग परत जमा दाखवायचे असत. त्यांतली दोन-तीन तरी कुणाच्या तरी घरी असायला हवी होती. हे मला आज टोचतं.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत माझी एक मागणी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतनं यांच्या शेवटच्या वर्षातला निदान एक प्रकल्प प्रत्येक तालुक्यात एका खऱ्या माणसासाठी असावा. त्या माणसाकडे मुलांनी आधी जाऊन राहावं, किमान दोन रात्री. यंत्र झालं की ते त्याच्याच घरी राहावं, नोंदवहीत तशी सोय करावी, आणि गुण तीन महिन्यांनंतर, ते वापरात आहे का हे पाहून द्यावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आपल्याकडे आहे, त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. प्रमाणपत्रं निघतात, म्हणजे कोण कुठे आहे याच्या याद्याही असतात. याद्या एका कार्यालयात आणि सोल्डरिंगच्या इस्त्र्या दुसऱ्या इमारतीत, त्या दोन इमारतींमधलं अंतर कुणीतरी चालून जायला हवं. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, २०१६ पासून. सेन्सर, बोर्ड, थ्रीडी प्रिंटर सगळं तिथे आहे. आमच्या भागातल्या एका शाळेतली अशी लॅब मी कुलूपबंद पाहिली. किल्ली ज्या सरांकडे होती त्यांची बदली झाली होती.

दुसऱ्या एका शाळेत वेगळं घडलं. तिथल्या नववीतल्या तीन मुली गेल्या वर्षी बाळची घंटा बघायला आल्या. एकीने त्याला थेट विचारलं, “दादा, घंटा वाजवल्यावर कोणी येतंय हे तुम्हाला कसं कळतं?” कळत नव्हतं. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. तो घंटा वाजवायचा आणि अंधारात वाट बघायचा. मुलींनी उशीजवळ एक हिरवा एलईडी लावला: आतल्या खोलीत भावजय बटण दाबून घंटा बंद करते तेव्हा तो पेटतो. म्हणजे ‘ऐकलं, येते.’ त्या दिव्याला पाच रुपये लागले, शिवाय एक जादा तार.

सध्या त्या मुली आणि मी शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईंसाठी तसाच पट्टा करतो आहोत, आणि अडलो आहोत. दोन रात्री त्यांच्याजवळ बसून आलो. त्यांची मान अजिबात वळत नाही. भुवया मात्र दोन्ही छान उचलल्या जातात, न थकता, दिवसभर. माझ्या सेन्सरला हे दिसत नाही, कारण कपाळ कलतच नाही, फक्त कातडी दोन-तीन मिलिमीटर वर सरकते. कपाळावर चिकटवायचा वाकणारा रोधक करून पाहिला, घामाने सुटतो. चष्म्याच्या काडीवर अवरक्त (इन्फ्रारेड) एलईडी आणि त्याचा ग्राहक बसवून पाहिला, दिवसा उजेडात चुकतो. आपल्या वाचकांत कुणी स्नायूंच्या विद्युतसंदेशांवर किंवा कातडीच्या अशा बारीक हालचालीवर काम केलेलं असेल, आणि रात्रभर डोक्यावर ठेवता येईल असं काही त्यांना माहीत असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. बाळच्या घंटेची आकृती आणि प्रोग्रॅम मी हाताने लिहून आपल्याकडे पाठवते आहे, ज्याला हवी त्याला झेरॉक्स द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिल्प निदेशिका, तालुका देवगड